न्याय आणि तारण : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एका दुर्लक्षित प्रश्नाविषयी

१

आषाढी वारीत ज्ञानेश्वरांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि लोणंदला मुक्काम करून तरडगाव, फलटण या मार्गाने पंढरपूरकडे जाते. ज्यांच्या पादुका या पालखीत असतात, त्यांनी ग्रंथसमाप्तीच्या प्रसंगी जो प्रसाद मागितला, त्यात दुर्जनांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातील दुष्टपणा तेवढा सरावा, एवढीच ती मागणी आहे. वारकरी संप्रदायाच्या नीतिविचारातील हा मूलभूत क्षण आहे, कारण दुष्टांचे अखेर काय व्हावयाचे, या प्रश्नाला तेथे दंडाच्या भाषेत उत्तर मिळत नाही. याच जिल्ह्यात, सातारा येथे, १९१७ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो ते तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून, असे म्हणणाऱ्या या कवीने वारीच्या वाटेवरील जिल्ह्यात आपल्या अखेरच्या प्रयोगाला 'दरबार' हे नाव द्यावे, ही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. दरबार ही कीर्तनाची जागा नव्हे. ती राजाची जागा आहे, आणि तेथे निवाडे होतात.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आपल्या समीक्षेत बहुधा 'देशीकरणा'च्या सूत्राने केला जातो. फादर स्टीफन्सची ओवी, टिळकांचे अभंग, लक्ष्मीबाईंची घरगुती बोली यांचे कौतुक होते ते परका आशय येथल्या रूपात मुरला म्हणून. हे कौतुक अनाठायी नाही, पण त्यात एक गृहीत लपलेले आहे. आशय तयार होता आणि त्याला केवळ पेहराव हवा होता, असे ते गृहीत. वस्तुतः रूप बदलताना आशयाचे काही घटक पुढे येतात आणि काही मागे पडतात. ख्रिस्ती श्रद्धेतील ईश्वरी न्याय, अंतिम निवाडा आणि तारण या त्रयीपैकी मराठीत तारण ठळक झाले आणि न्याय फिका पडला, असे सर्वसाधारणपणे दिसते. तो खरोखर फिका पडला की अन्यत्र गेला, हे तपासणे अगत्याचे आहे. कारण न्यायावाचून तारण ही कल्पना केवळ सांत्वन होऊन बसते.

२

ख्रिस्ती मतानुसार ख्रिस्त जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यासाठी पुन्हा येणार आहे. चौथ्या शतकातील निकियाच्या मतांगीकारात हे विधान आहे आणि कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व बहुतेक प्रॉटेस्टंट परंपरांना ते मान्य आहे. मतभेद आहेत ते निवाड्याच्या निकषाविषयी आणि मनुष्य त्यातून कसा सुटतो याविषयी. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने पापाकडे ईश्वराचा मान हिरावून घेणारे ऋण म्हणून पाहिले आणि ते फेडण्यासाठी देवालाच मनुष्य व्हावे लागले, अशी उपपत्ती मांडली. तिच्यावर सरंजामी व्यवस्थेतील मानापमानाच्या कल्पनेची छाया अनेक अभ्यासकांना दिसली आहे. सोळाव्या शतकात ल्यूथरने प्रश्न उलटा फिरवला. देवाचे नीतिमत्त्व पापी मनुष्याला दंड करणारे आहे, की त्याला नीतिमान ठरवणारे? या प्रश्नावर पश्चिमेचा चर्च दुभंगला. त्यावरील ल्यूथरन व कॅथलिक यांच्या संयुक्त घोषणेवर आउग्सबुर्ग येथे स्वाक्षऱ्या झाल्या त्या ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, म्हणजे जवळजवळ पाच शतकांनंतर.

हा वाद मराठीत आला तो भाषांतराच्या वाटेने, आणि भाषेने त्याला स्वतःचे वळण दिले. इंग्रजीत 'जजमेंट' आणि 'जस्टिस' हे दोन शब्द आहेत. एकात निर्णयाचा धाक आहे आणि दुसऱ्यात हक्काची आशा. मराठी बायबलमध्ये 'न्यायाचा दिवस' असे शब्द येतात, आणि मराठी 'न्याय' हे दोन्ही अर्थ एकत्र वाहतो. न्याय 'केला' जातो तेव्हा निवाडा होतो. न्याय 'मिळतो' तेव्हा अन्यायाची भरपाई होते. जिचे शेत सावकाराने लुबाडले आहे अशा बाईला 'न्यायाचा दिवस येणार आहे' असे सांगितले, तर तिला भीती वाटण्यापेक्षा धीर येण्याचा संभव अधिक. हिब्रू स्तोत्रांत नेमके हेच घडते. तेथील पीडित मनुष्य देवाने आपला न्याय करावा म्हणून विनवणी करतो, कारण त्याच्या लेखी न्यायाधीश म्हणजे सोडवणारा. इस्राएलच्या ज्या पुढाऱ्यांनी लोकांना शत्रूच्या हातून सोडवले, त्यांना हिब्रूत न्याय करणारे असेच म्हटले आहे. मराठी बायबलमध्ये मात्र त्या ग्रंथाचे नाव 'शास्ते' असे झाले. शासन करणारा तो शास्ता. सोडवणुकीचा अर्थ या नावातून निसटला.

'तारण' या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. संस्कृत धात्वर्थाने तारण म्हणजे पार नेणे. भवसागराचे रूपक त्याच्या मागे उभे आहेच. पण मराठी गावकऱ्याच्या व्यवहारात तारण म्हणजे कर्जापोटी सावकाराकडे अडकवलेली जमीन किंवा दागिना. प्रभूच्या प्रार्थनेच्या मत्तयकृत पाठात पापांसाठी 'ऋण' हा शब्द येतो आणि ख्रिस्ताने दिलेल्या प्राणाला मराठी भाषांतरात 'खंडणी' म्हटले जाते. ऋण, तारण, खंडणी हे तिन्ही शब्द दख्खनच्या शेतकऱ्याला पोथीतून नव्हे, तर खतावणीतून परिचित होते. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्या प्रदेशात ऋणमोचनाची सुवार्ता सांगणाऱ्या उपदेशकाचे शब्द किती निराळ्या कानांनी ऐकले गेले असतील, याचा विचार मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या समीक्षेत फारसा झालेला नाही. मोक्ष हा संन्याशाचा शब्द होता, तर तारण हा कर्जदाराचा. प्रॉटेस्टंट भाषांतरांत मोक्षाऐवजी तारण रूढ झाले, यामागे भाषांतरकारांचा हेतू काहीही असो, परिणाम सामाजिक होता.

३

या प्रश्नाची पहिली मोठी वाङ्मयीन मांडणी सतराव्या शतकाच्या आरंभीची आहे. इंग्रज जेज्विट थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. दोन पुराणांत विभागलेल्या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द सहज येतो. पुराण हा प्रकार स्वीकारल्यामुळे स्टीफन्सला सृष्टीच्या आरंभापासून कथा सांगता आली. पहिले पुराण हे पतनाचे व प्रतीक्षेचे, दुसरे तारकाच्या आगमनाचे. या रचनेत न्याय हा कथेच्या पोटात असतो. आदिमनुष्याच्या अपराधाने जो निवाडा झाला, त्याची वाट तारकापर्यंत जाते, आणि श्रोता दंडाच्या भीतीपेक्षा सुटकेच्या उत्कंठेने पुढे ओढला जातो.

परंतु ग्रंथाबाहेरचा गोवाही येथे विसरता येत नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले आणि १८१२ मध्ये ते कायमचे बंद झाले. मंदिरे पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेज्विट मारले गेले आणि त्यानंतर पोर्तुगीज सत्तेने गावाचा सूड घेतला. ज्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी स्टीफन्स ओव्या रचीत होता, त्यांच्या अनुभवात 'ईश्वरी न्याय' हा आकाशातील प्रसंग नव्हता. त्याच्या नावाने चालणारी कचेरी त्यांच्या जवळच होती. 'ख्रिस्तपुराणा'चा मृदू स्वर या पार्श्वभूमीवर वाचला की दोन अर्थ एकाच वेळी जाणवतात. कठोर शासनाखाली दबलेल्या समाजाला त्यांच्याच बोलीत सांत्वन देणारा तो स्वर आहे. आणि त्या शासनाविषयी त्याने राखलेले मौनही तितकेच खरे आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात न्याय आणि करुणा यांची जी फारकत पुढे दिसते, तिचे मूळ कदाचित येथेच आहे. पृथ्वीवरील सत्तेने ईश्वरी न्यायाची मक्तेदारी घेतली की कवीकडे केवळ करुणा उरते.

४

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न कर्मसिद्धांताच्या संदर्भात नव्याने उभा राहिला. ईश्वर सृष्टीतील विषमतेचा कर्ता असेल तर तो पक्षपाती व निर्दय ठरतो, हा आक्षेप ब्रह्मसूत्रकारांनी स्वतःच उपस्थित करून त्याला कर्माच्या आधारे उत्तर दिले आहे. विषमता जीवांच्या पूर्वकर्मानुसार आहे. ईश्वर तिचा मनमानी कर्ता नव्हे. तात्त्विक दृष्ट्या हे उत्तर सुसंगत आहे. लोकधर्मात त्याचे चित्ररूप म्हणजे यमदरबार आणि चित्रगुप्ताची वही. तेथे निवाडा आहे, पण दाद नाही. जे भोगावयाचे ते आपलेच देणे आहे, असे मानले की पीडिताला फिर्याद करण्यास जागाच उरत नाही.

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराचा विचार या ठिकाणी करावा लागतो. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने तीर्थयात्रा, पुराणपठण, उपासतापास यांत बाळपण घालवले आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडिलांचा मृत्यू पाहिला. विधी पुरे झाले होते. फळ आले नाही. १९०७ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या साक्षीत त्यांनी सांगितले आहे, की परस्परविरोधी शास्त्रवचनांच्या पसाऱ्यात दोन गोष्टींवर मात्र सर्व ग्रंथांचे एकमत त्यांना आढळले. स्त्रीची जात स्वभावतःच हीन, आणि स्त्री म्हणून तिला मोक्षाचा अधिकार नाही. शूद्रांचीही अवस्था तशीच. रमाबाईंच्या लेखी तारणाचा प्रश्न सुरू होतो तो 'मी पापी आहे' येथून नव्हे. 'मला अधिकार का नाही' येथून तो सुरू होतो. हा न्यायाचा प्रश्न आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांचे समाधान झाले नव्हते. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, या आशयाची त्यांची कबुली प्रसिद्ध आहे. कृपेने नीतिमान ठरण्याचा अनुभव त्यांना आला तो सुमारे आठ वर्षांनंतर.

या दोन टप्प्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. ल्यूथरच्या बाबतीत पापाची धास्ती आधी आणि कृपेचा शोध नंतर. रमाबाईंच्या बाबतीत अन्यायाचा बोध आधी, आणि पापाचा व कृपेचा बोध पुष्कळ नंतर. म्हणूनच केडगावच्या त्यांच्या संस्थेच्या 'मुक्ती' या नावात आध्यात्मिक व ऐहिक असा भेद करता येत नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी आणलेल्या मुलींना मुक्ती म्हणजे आधी अन्न, मग अक्षर, मग प्रार्थना. बायबलचे मूळ हिब्रू व ग्रीकवरून मराठी भाषांतर करताना हिंदू दर्शनांचे अर्थ चिकटलेले संस्कृतप्रचुर शब्द टाळण्याचा त्यांनी कसून प्रयत्न केला. ते भाषांतर १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाले. शब्दांविषयी एवढ्या साशंक असणाऱ्या लेखिकेने संस्थेसाठी मात्र 'मुक्ती' हाच शब्द ठेवला. ज्या शब्दाचा अधिकार आपल्याला नाकारला गेला, तो तिने दुष्काळातील अनाथ मुलींच्या घराला दिला. यापेक्षा स्पष्ट निवाडा शोधूनही सापडणार नाही.

५

टिळकांची वाट निराळी होती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला धर्मांतराने मराठी भक्तिपरंपरेपासून तोडले नाही. उलट त्यानंतरच तो अभंगाकडे वळला. 'अभंगांजली'तील ख्रिस्त हा माउली आहे, सखा आहे, गुरू आहे. न्यायासनावर बसलेला राजा या कवितेत क्वचितच दिसतो. टिळकांच्या भक्तिकवितेची मोठी सिद्धी हीच, असे समीक्षकांनी मानले. मिशनच्या उपदेशातील दंडभयाच्या जागी वात्सल्य आले, हे खरेच आहे. आई लेकराच्या अपराधाचा हिशेब ठेवीत नाही. चित्रगुप्ताच्या वहीला याहून समर्पक उत्तर मराठी मनाला सुचले नसते.

तरीही येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. दोन लेकरांपैकी एकाने दुसऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या छळले असेल, तर माउलीने काय करावे? दोघांनाही सारखेच पोटाशी धरले, तर छळणाऱ्याला क्षमा मिळते; छळ सोसणाऱ्याला काय मिळते? भक्त आणि देव या दोघांपुरते नाते मर्यादित ठेवले की वात्सल्य पुरेसे असते. तिसरा मनुष्य आला की न्याय अपरिहार्य होतो. टिळकांच्या अभंगांत हा तिसरा मनुष्य सहसा नाही, आणि ही त्या कवितेची मर्यादा आहे. ज्या जिल्ह्यातील कटगुण हे जोतीराव फुल्यांचे मूळ गाव, त्या सातारा जिल्ह्याच्या संदर्भात ही मर्यादा अधिकच टोचते. फुल्यांनी ख्रिस्ती मत स्वीकारले नाही, तरी १८७३ च्या 'गुलामगिरी'त ख्रिस्ताकडे पाहिले ते बळीराजाच्या रूपात, म्हणजे नागवल्या गेलेल्यांचा कैवारी म्हणून. ख्रिस्ती कवीच्या काव्यात माउली झालेला ख्रिस्त अख्रिस्ती सुधारकाच्या गद्यात न्यायकर्ता म्हणून उभा आहे.

मात्र टिळकांनी आपल्या कवितेतील उणीव आपल्या कृतीत भरून काढली, असे म्हणावयास आधार आहे, आणि तो 'दरबार' या शब्दात आहे. साताऱ्याला दरबार हे नुसते अलंकारिक पद नव्हते. छत्रपतींची गादी १८४८ मध्ये खालसा झाली होती. तत्पूर्वी पदच्युत झालेल्या प्रतापसिंहांच्या वतीने रंगो बापूजींनी लंडनला जाऊन वर्षानुवर्षे दाद मागितली होती, आणि ती मिळाली नव्हती. दरबार गेल्यावर दाद कोठे मागावयाची, हा प्रश्न या शहराच्या स्मृतीत होता. अशा ठिकाणी टिळकांनी देवाचा दरबार मांडला आणि त्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना प्रवेश दिला. चर्चच्या चौकटीत कोण तरला आणि कोण नाही, याची सीमारेषा बाप्तिस्म्याने आखली जाते. टिळकांनी तो निवाडा मनुष्यांच्या हातून काढून देवाच्या दरबारात नेला. ही ढिलाई नव्हती. अंतिम निवाडा देवाचा आहे यावर मनापासून विश्वास असेल, तर मनुष्याने तो आधीच उरकून घेऊ नये, असा तिचा अर्थ होतो. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि संस्था म्हणून दरबाराला दीर्घ आयुष्य लाभले नाही. पण त्या नावाने केलेला विचार मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासात नोंदवला गेला पाहिजे.

६

न्यायाचा हा धागा सर्वांत सहजपणे हाती लागतो तो लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेले हे आत्मकथन विनोद, निरागसता आणि घरगुती बोली यांसाठी वाखाणले गेले. त्यात धर्मशास्त्रीय विचार आहे, असे क्वचितच कोणी मानले. पण या ग्रंथाच्या आरंभाशीच एक निवाडा आहे. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्या घटनेच्या छायेत त्यांच्या स्वतःच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. राजसत्तेचा एक निर्णय घरात शिरून विटाळाचे रोजचे न्यायालय कसे उभारतो आणि त्यात आरोपी नेहमी घरातल्या बायका व मुलेच कशी असतात, हे लक्ष्मीबाईंनी हसत हसत सांगितले आहे. त्या हास्यामुळेच त्यातील दाहकता नजरेआड होते.

पुढे जातिभेद देवाने केला की मनुष्याने, हा प्रश्न त्या स्वतःशीच सोडवतात, आणि निष्कर्षाची परीक्षा घेतात ती खाण्यापिण्याच्या व्यवहारात. पतीच्या धर्मांतरानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधीच ही परीक्षा होऊन गेली होती, हा क्रम रमाबाईंच्या क्रमाशी जुळतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाच्या दृष्टान्तात निकष एवढाच आहे, की भुकेल्याला अन्न दिले काय, तहानेल्याला पाणी दिले काय. ज्या समाजात पाणी देण्या-घेण्यावरच विटाळाची सारी व्यवस्था उभी होती, तेथे हा दृष्टान्त केवळ दयेचा पाठ म्हणून वाचता येत नाही. पाण्याचा पेला हाच तेथे पुरावा ठरतो. लक्ष्मीबाईंनी त्याचे भाष्य लिहिले नाही, पण 'स्मृतिचित्रे'तील त्यांचे वर्तन हेच त्याचे मराठीतील उत्तम भाष्य होय. पतीने अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले आणि ते १९३८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. त्याच्या ओव्या भक्तीच्या आहेत. न्यायाची बाजू मात्र त्यांच्या गद्याने सांभाळली.

७

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. ईश्वरी न्यायाचे हे वाचन त्याला समाजसुधारणेच्या पातळीवर आणते आणि मरणोत्तर निवाड्याचे गांभीर्य घालवते, असा तो आक्षेप. तो गंभीरपणे घेतला पाहिजे. १९७० नंतर मुक्तीच्या धर्मशास्त्राने आणि १९८० च्या दशकात अरविंद निर्मल प्रभृतींच्या दलित धर्मशास्त्राने न्यायाला ऐहिक आशय दिला, तेव्हाही हाच आक्षेप घेतला गेला होता. परंतु अंतिम निवाड्याच्या कल्पनेत 'अंतिम' या शब्दाचे एक कार्य आहे. सोवळ्याचा निर्णय, कर्जखत, फाशी, चर्चची सीमारेषा यांपैकी कोणताही मानवी निवाडा अखेरचा नाही, असे तो शब्द सांगतो. इतिहासात ज्यांना दाद मिळाली नाही आणि जे मरूनही गेले, त्यांचे प्रकरण बंद झालेले नाही, ही या श्रद्धेची सर्वांत कठीण बाजू आहे. केवळ सुधारणेला ती पेलवत नाही, कारण सुधारणा मेलेल्यांना न्याय देऊ शकत नाही. लंडनहून दाद न मिळता परतलेल्यांची आणि दुष्काळात विधी पुरे करून उपाशी मेलेल्यांची कैफियत तेथे अजून उभीच आहे. ही बाजू श्रद्धावंताने मानावी किंवा अश्रद्धाने नाकारावी; वाङ्मयाच्या अभ्यासकाने निदान ती ओळखली पाहिजे.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील देशीकरणाची खरी कसोटीही येथेच लागते. वैकुंठ, माउली, अभंग, ओवी हे रूपाचे देशीकरण झाले. न्यायाचे देशीकरण घडले ते रमाबाईंच्या 'मुक्ती'त, टिळकांच्या 'दरबारा'त आणि लक्ष्मीबाईंच्या पाण्याच्या पेल्यात. तेथे उसनी कल्पना येथल्या अन्यायाला भिडली आणि त्या भिडण्यातून तिला मराठी अर्थ आला. लोणंदच्या मुक्कामी वारकरी जो प्रसाद मागतात, त्यात दुष्टाचे दुष्टपण जाण्याची इच्छा आहे. या लेखकांनी तिच्याशेजारी एक प्रश्न ठेवला : ज्याने ते दुष्टपण सोसले, त्याचे काय? ती इच्छा आणि हा प्रश्न एकत्र वाचल्याखेरीज मराठीतील तारणाच्या कल्पनेचा अभ्यास पूर्ण होणार नाही.